डुकराच्या मांसात पुन्हा पुन्हा दाणे निघतात? शेडच्या आधी संडास तपासा

तक्रार साधारण एकाच धर्तीची असते. डुक्कर कापलं, मांडीचा तुकडा उघडला आणि लाल मांसात साबुदाण्यासारखे पांढरट, पाण्याने भरलेले दाणे दिसले. खाटकाने भाव पाडला किंवा माल घ्यायलाच नकार दिला. मालकाने सगळ्या डुकरांना जंताचं औषध दिलं, शेड फिनाईलने धुतलं, जुना लॉट मिळेल त्या भावाला काढून नवी पिल्लं आणली. आठ-दहा महिन्यांनी नवा लॉट कापायला गेला आणि पुन्हा तेच दाणे.

इतकं करूनही दाणे परत येत असतील, तर उगम शेडात सापडणार नाही. हे दाणे म्हणजे पट्टकृमीची, फितीसारख्या लांब चपट्या जंताची, अळी-अवस्था; आणि तो जंत शेडाच्या आसपास वावरणाऱ्या एखाद्या माणसाच्या आतड्यात आहे. त्या माणसाला शोधून उपचार केल्याशिवाय डुकरांवर केलेला खर्च वाया जातो. खेरीज त्याच माणसामुळे घरातल्या किंवा शेजारच्या कुणाच्या मेंदूत हेच दाणे होऊ शकतात. मांसाचा भाव पडला तर पुढच्या लॉटला भरून निघतो, मेंदूतल्या दाण्याचं तसं नाही. म्हणून ही तक्रार आली की मी आधी घरच्यांची चौकशी करतो आणि मग डुकरांकडे वळतो.

आधी खात्री करा, दाणा कुठला आहे

टीनिया सोलियम या पट्टकृमीचा दाणा मांसपेशीत असतो. आकार साधारण ५ ते १० मिलिमीटर, पातळ पारदर्शक पिशवी, आत पाणी आणि एका बाजूला ठळक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे जंताचं डोकं. जिभेत, जबड्याच्या स्नायूत, हृदयात, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात, खांद्यात आणि मांडीत हे दाणे जास्त सापडतात.

पोटातल्या चरबीच्या पडद्याला किंवा काळजाला लोंबणारी, पाण्याने भरलेली मोठी फुगी दिसली तर ती बहुधा कुत्र्याच्या पट्टकृमीची असते. आपल्याकडे तीही डुकरांत सर्रास आढळते. मांसपेशीत ती नसते आणि माणसाच्या आतड्यात तिचा जंत वाढत नाही. तिच्यासाठी कुत्र्यांना औषध द्यायचं आणि कच्ची आतडी-काळीज त्यांच्यापुढे टाकणं बंद करायचं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे इथे गफलत झाली तर पुढचं सगळं चुकतं. शंका असेल तर तुकडा बर्फात ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

जिवंत डुकराची जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूने बोट फिरवायची जुनी पद्धत बाजारात आजही चालते. जिभेखाली गाठी लागल्या तर निदान जवळपास पक्कं समजा. गाठी लागल्या नाहीत म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण थोडे दाणे असलेलं जनावर या तपासणीतून सहज सुटतं. पिल्लं विकत घेताना जीभ पाहून घेतली होती, असं सांगणाऱ्यांच्याही लॉटमध्ये दाणे निघतात ते यामुळे.

चक्र कसं फिरतं

दाणे असलेलं मांस अर्धकच्चं खाल्लं गेलं की माणसाच्या लहान आतड्यात दाण्यातलं डोकं भिंतीला चिकटतं आणि दोनेक महिन्यांत त्याचा पूर्ण पट्टकृमी होतो. लांबी २ ते ७ मीटर. त्याचे अंड्यांनी भरलेले शेवटचे खंड तुटून शौचातून बाहेर पडतात आणि एकेका खंडात ५० हजारांपर्यंत अंडी असू शकतात. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, बाहेर पडल्या क्षणापासून संसर्ग करू शकतात आणि ओलसर जमिनीत कित्येक महिने टिकतात. डुकराने मैला खाल्ला, किंवा मैला मिसळलेलं पाणी वा चारा त्याच्या पोटात गेला, की अंड्यातली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, मांसपेशीत जाऊन बसते आणि साधारण दोन-अडीच महिन्यांत तिचा पक्व दाणा होतो.

डुकराच्या शेणात या जंताची अंडी नसतातच. एका डुकरापासून दुसऱ्या डुकराला दाणे होत नाहीत, शेडची फरशी त्यात कुठेच येत नाही. अंडी फक्त माणूस बाहेर टाकतो. नवीन लॉटमध्ये दाणे निघाले याचा अर्थ एवढाच, की गेल्या काही महिन्यांत जंत असलेल्या माणसाचा मैला तुमच्या डुकरांपर्यंत पोचला आहे.

१८५५ साली जर्मनीत फ्रीडरिश क्युखेनमायस्टर या डॉक्टराने हे सिद्ध केलं. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्याने डुकराच्या मांसातले दाणे जेवणातून खाऊ घातले आणि मृत्यूनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी सापडले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि तेच योग्य. पण मांसातला दाणा आणि आतड्यातला जंत हे एकच आहेत, हे कळायला दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी आपल्याकडे औषध अजून फक्त डुकरालाच दिलं जातं.

डुकरांना दिलेलं औषध का लागू पडलं नाही

सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे आयव्हरमेक्टिन. खरूज आणि गोलकृमींसाठी ते उत्तम आहे आणि बहुतेक वराहपालकांकडे असतंच. इंजेक्शन टोचलं की ‘जंताचं झालं’ असं मानलं जातं. पट्टकृमींवर आणि त्यांच्या दाण्यांवर ते काम करत नाही. कितीही वेळा टोचलं तरी करणार नाही.

दुसरं कारण मात्रेचं. मांसातल्या दाण्यांवर सिद्ध झालेलं औषध ऑक्सफेंडाझोल आहे आणि त्याची मात्रा आहे दर किलो वजनाला ३० मिलिग्रॅम, तोंडावाटे, एकदाच. पोटातल्या साध्या जंतांना देतात त्याच्या ती कितीतरी पट आहे. बाटलीवरची नेहमीची मात्रा दिली तर आतड्यातले जंत मरतील, मांसातले दाणे तसेच राहतील. वजन अंदाजाने न धरता काट्यावर किंवा छातीच्या मापाने काढा. कोणतं उत्पादन वापरायचं आणि गाभण मादीला द्यायचं की नाही, हे तुमच्या पशुवैद्यकालाच ठरवू द्या.

तिसरं कारण वेळेचं. विक्रीच्या तोंडावर औषध दिलं जातं आणि दाणे तसेच दिसतात म्हणून औषधालाच दोष दिला जातो. दाण्यातली अळी मेली तरी दाणा लगेच नाहीसा होत नाही, मांस स्वच्छ दिसायला सुमारे तीन महिने जातात. शिवाय औषध दिल्यावर मांस खाण्यासाठी थांबायचा काळ असतो. तो साधारण तीन आठवड्यांच्या आसपास असतो, पण लेबलावर असेल तो पाळा. त्याआधी जनावर कापू नका. औषधाने बऱ्या झालेल्या डुकराला पुढचे काही महिने नवा संसर्ग सहसा होत नाही. म्हणून विक्रीच्या तीन-चार महिने आधीची वेळ सगळ्यांत चांगली.

फिनाईल आणि ब्लीचिंग पावडरचं इतकंच सांगतो, की या अंड्यांचं कवच जाड असतं आणि नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. उकळतं पाणी आणि कडक कोरडं ऊन त्यांना मारतं.

‘आमची डुकरं तर बंदिस्त आहेत’

मोकळी फिरणारी डुकरं आणि उघड्यावरचं शौच, या जोडीतून हा रोग येतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण कोंडून, पक्क्या शेडात पाळलेल्या डुकरांतही दाणे निघतात. तिथे मैला कोणत्या वाटेने येतो हे शोधावं लागतं. मी ज्या वाटा पाहतो त्या अशा.

शेडवर रात्रंदिवस राहणाऱ्या कामगाराला संडास आहे का? मालकाच्या घरात असतो, कामगाराला ‘मागे शेत आहे’ म्हणून सांगितलेलं असतं. मग त्याच शेताच्या बांधावरचं गवत आणि पालेभाजीचा पाला कापून डुकरांपुढे येतो. हा एक प्रश्न विचारला की निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

पाणी कुठलं? नाल्याचं असेल, किंवा सेप्टिक टँकचा ओघळ ज्या विहिरीत उतरतो तिचं असेल, तर ते बदला. सेप्टिक टँक उपसणारी गाडी मैला कुठे ओतते, तेही विचारा. जवळच्या शेतात ओतत असेल तर त्या शेतातलं काहीही डुकरांना घालू नका. शहरालगतच्या शेडांत हॉटेलातलं खरकटं हेच मुख्य खाद्य असतं. ते पूर्ण उकळूनच द्यायचं. नियम इतर रोगांसाठीही तोच आहे, इथेही उपयोगी पडतो.

पिल्लं बाहेरून आणली असतील तर त्यांचं वय विचारा. तीन-चार महिन्यांचं पिल्लू दाणे घेऊनच आलेलं असू शकतं. दूध सुटल्या सुटल्या, कमी वयात आणलेल्या पिल्लांत हा धोका कमी.

गोव्यातल्या जुन्या घरांत बैठकीखालचा मैला थेट डुकराच्या कोंडवाड्यात जाईल असे संडास होते. त्या काळी सफाईची ती एक सोयच होती, आणि त्या पिढीला कमी लेखण्याचं कारण नाही. पण या जंताला याहून जवळची वाट मिळणार नाही. तसलं बांधकाम कुठे शिल्लक आणि वापरात असेल, तर बाकी काहीही करण्याआधी ते बंद करा.

जंत असलेला माणूस कसा शोधायचा

इथे घाई उपयोगी नाही आणि कुणाला लाजवूनही चालत नाही. जंत असलेल्या माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो. कधी पोटात कळ, कधी मळमळ, कधी शौचात फितीचे चपटे पांढरे तुकडे. अनेकांच्या तेही लक्षात येत नाही. घरातल्या सगळ्यांना आणि सगळ्या कामगारांना, मालकासकट, एकत्र बसवून ते तुकडे कसे दिसतात हे सांगा. एकट्या कामगाराकडे बोट दाखवलंत तर तो काही सांगणार नाही आणि कदाचित कामही सोडेल. मग जंत दुसऱ्या गावात पोचेल.

शौचाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा प्रयोगशाळेत होते. अंडी रोज पडत नसल्याने एका नमुन्यावर थांबू नका, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. अहवालात ‘टीनियाची अंडी’ एवढंच लिहून येईल, कारण गोमांसातून येणाऱ्या आणि डुकरातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. उपचाराला तेवढं पुरतं.

‘आमच्या मुलांना शाळेत जंताची गोळी मिळते’ असं बरेच जण म्हणतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी ती गोळी ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची असते, वयोगट १ ते १९ वर्षं. मातीतून येणाऱ्या गोलकृमी, अंकुशकृमी यांसाठी ती योजना आहे आणि त्यासाठी ती जरूर घ्यावी. पट्टकृमीवर एका गोळीचा भरवसा नाही, आणि शेडवरच्या मोठ्या माणसांपर्यंत ती पोचतही नाही.

पट्टकृमीवर डॉक्टर निक्लोसमाइड किंवा प्राझिक्वांटेल देतात, बहुतेकदा एकाच वेळी घ्यायची मात्रा. ही औषधं स्वतःहून दुकानातून आणून कामगारांना वाटू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ज्याच्या मेंदूत आधीच दाणे आहेत त्याला प्राझिक्वांटेल किंवा अल्बेंडाझोल दिलं, की मरणाऱ्या दाण्याभोवती सूज येते आणि फिट येऊ शकते. निक्लोसमाइड आतड्यातून रक्तात फारसं जात नाही, म्हणून या बाबतीत ते अधिक सुरक्षित समजतात. आधी कधी फिट आली होती का, सतत डोकं दुखतं का, नजरेत फरक पडलाय का, त्वचेखाली न दुखणाऱ्या गाठी आहेत का, हे डॉक्टरांना औषध घेण्याआधी सांगायचं.

उपचारानंतर तीन महिन्यांनी शौचाची तपासणी पुन्हा करा. जंताचं डोकं आतड्यात शिल्लक राहिलं तर त्यातून दोन-तीन महिन्यांत अख्खा जंत परत वाढतो. दुरुस्त झालेली समस्या सहा महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढते, त्यात ही राहून गेलेली तपासणी बऱ्याचदा सापडते.

घरात कुणाला फिट येत असेल तर

माणसाने अंडी गिळली तर त्याच्याही अंगात डुकरासारखेच दाणे होतात. मांसपेशीत झाले तर ते वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि कधी कधी कॅल्शियम साचून एक्स-रेमध्ये अचानक दिसतात. डोळ्यात झाले तर नजर जाऊ शकते. मेंदूत झाले तर फिट. वेल्लोर जिल्ह्यात झालेल्या मोठ्या पाहणीत फिट चालू असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या मागे हेच कारण निघालं होतं.

अंडी गिळली आणि फिट आली यांत वर्षं जाऊ शकतात. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत संसर्ग आणि पहिली लक्षणं यांत सरासरी पाच वर्षांच्या आसपास अंतर होतं, काहींत त्याहून खूप जास्त. त्यामुळे ‘आम्ही डुकरं केव्हाच विकली’ हे उत्तर पुरेसं नाही.

आणि हा रोग डुकराचं मांस खाणाऱ्यांपुरता नाही. मांस खाल्ल्याने आतड्यात जंत होतो. मेंदूत दाणे होतात ते मात्र जंत असलेल्या माणसाच्या मैल्यातली अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्याने. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू वस्तीत, जिथे डुकराचं मांस धर्माने वर्ज्य, १९९० आणि १९९१ या काळात मेंदूत दाणे असलेले चार रुग्ण सापडले. चौकशीत संशय घरकामाला येणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांकडे गेला. त्या अशा देशांतून आल्या होत्या जिथे हा जंत सर्रास आहे. आपल्याकडच्या शुद्ध शाकाहारी घरांतही हे रुग्ण असतात आणि ‘आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही’ म्हणून घरचे चक्रावून जातात.

कोबीतला किडा मेंदूत जातो असं बरेच जण मानतात, त्याचंही इथेच सांगून टाकतो. कोबीच्या गड्ड्यात दिसणारी हिरवी अळी ही फुलपाखराची किंवा पतंगाची अळी असते, ती मेंदूत जात नाही. मैल्याच्या पाण्यावर वाढवलेल्या कोणत्याही भाजीवर, मग तो कोबी असो, कोथिंबीर असो वा मुळा, न दिसणारी अंडी असू शकतात. किडा शोधून टाकला म्हणजे भाजी सुरक्षित झाली असं नाही. कच्ची खायची भाजी वाहत्या पाण्यात पान-पान वेगळं करून धुवा, साल निघत असेल तर काढा. बाकीची शिजवून खा.

फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो आणि त्यानंतर अंगारा-धुपाऱ्यात महिने जातात. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, शांत झाल्यावर डॉक्टरांकडे न्या आणि ‘आमच्याकडे डुकरं आहेत, मांसात दाणे निघतात’ हे वाक्य आठवणीने सांगा. सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा निर्णय त्यावरून लवकर होतो. दाण्यांवरचे उपचार डोळे तपासून, सूज उतरवणाऱ्या औषधांच्या सोबतीने, मेंदूच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवेत. वेळेवर उपचार झाले की बहुतेक रुग्ण चांगले सावरतात. विशेषतः एकच दाणा असलेली लहान मुलं.

लस आहे, तिचा उपयोग करा

या रोगावर डुकरांसाठी टीएसओएल-१८ नावाची लस आहे. ती मेलबर्न विद्यापीठात मार्शल लाइटोलर्स यांच्या गटाने विकसित केली आणि तिचं उत्पादन हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीने केलं. आपल्याच देशात तयार झालेली ही लस आपल्याच वराहपालकांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेली आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पहिल्या डोसनंतर तीन-चार आठवड्यांनी दुसरा लागतो. आधी झालेले दाणे लसीने जात नाहीत, म्हणून जोडीला ऑक्सफेंडाझोल देतात. कॅमेरूनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लस आणि औषध मिळालेल्या डुकरांत एकही दाणा सापडला नाही, न मिळालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकात दाणे होते.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातल्या तुंबेस भागातलं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तिथे माणसांना आणि डुकरांना एकाच मोहिमेत औषध दिलं, डुकरांना लसही टोचली. २०१६ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार १०७ पैकी १०५ गावांत संसर्गाची साखळी तुटली होती.

हातात असलेल्या मांसाचं काय

दाण्यांनी गच्च भरलेलं मांस विकू नका, वाटू नका. खोल पुरा किंवा जाळा. बाकीचं मांस आतपर्यंत शिजवा: मोठा तुकडा मध्यभागी किमान ६३ अंश सेल्सियस, खिमा ७१ अंश. घरी थर्मामीटर नसतो, म्हणून तुकडे लहान करा आणि आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत, रस स्वच्छ निघेपर्यंत शिजवा. शेकोटीवर वरून करपलेलं आणि आत ओलं राहिलेलं मांस सगळ्यांत धोक्याचं. उणे १५ अंशांखाली तीन-चार दिवस गोठवलं तरी दाणे मरतात, पण वारंवार वीज जाणाऱ्या गावात घरच्या फ्रीजवर विसंबू नका. मीठ, व्हिनेगर आणि धुरी यांच्यावरही विसंबू नका. गोव्याचं चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेजसुद्धा, नीट शिजवूनच खावं.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचं

शेडजवळ कामगारांसाठी पाणी आणि साबणासह संडास. घरच्यांची आणि कामगारांची तपासणी, गरज असेल त्यांना उपचार, तीन महिन्यांनी फेरतपासणी. त्याच आठवड्यांत डुकरांना ऑक्सफेंडाझोल आणि लस. नवा कामगार रुजू झाला की आधी त्याची तपासणी, तिचा खर्च मालकाचा.

यानंतर तुमच्याच शेडात जन्मलेली पिल्लं ही खरी परीक्षा. ती कापायला जातील तेव्हा जबड्याचा स्नायू, हृदय, जीभ आणि पडदा आडवे काप घेऊन उजेडात पाहा, शक्यतो पशुवैद्यकाला सोबत घेऊन. लागोपाठ दोन लॉट स्वच्छ निघाले तर साखळी तुटली असं धरा. एकाही जनावरात पाणीदार, ठिपका असलेला दाणा निघाला तर गेल्या वर्षभरात शेडवर कोण कोण राहून गेलं, त्यांची यादी करा आणि तपासणी तिथून पुन्हा सुरू करा.